शॉ यांची पत्रे आणि फार्ली यांचे लाकडी ठसे

प्रश्न : बर्नार्ड शॉ यांच्या एका छोट्या पुस्तकातील चित्रे लाकडावर कोरलेली असून त्यांविषयी शॉ यांनी चित्रकाराला लिहिलेली पत्रेही उपलब्ध आहेत, असे वाचनात आले. नाटककाराने चित्रांत इतके लक्ष का घातले असावे? आणि या चित्रांना ‘वुडकट’ म्हणणे बरोबर आहे का?

उत्तर : आपण म्हणता ते पुस्तक म्हणजे देवाच्या शोधात निघालेल्या आफ्रिकन मुलीची, शॉ यांनी 1932 साली दक्षिण आफ्रिकेतील नाइझ्ना येथे लिहिलेली कथा. पत्नी शार्लट मोटार-अपघातात जखमी झाल्यामुळे तेथील मुक्काम लांबला आणि त्या सक्तीच्या विश्रांतीत नाटकाऐवजी ही कथा लिहून झाली.

एडिंबरोचे मुद्रक विल्यम मॅक्सवेल यांनी चित्रांसाठी जॉन फार्ली या लाकडावर चित्रे कोरणाऱ्या तिशीतल्या कलाकाराचे नाव सुचवले. मे 1932 मधील पहिल्याच पत्रात शॉ यांनी आपली अपेक्षा स्पष्ट केली : चित्र काढून ते पुस्तकात चिकटवायचे नाही, तर छापील पानाचाच भाग म्हणून ते घडवायचे. त्यासाठी डझनभर चित्रांची कल्पना मांडून, नमुन्याच्या एका चित्राला त्यांनी पाच गिनी देऊ केल्या. पुढील पत्रांतून सूचना तर गेल्याच, शिवाय शॉ यांनी स्वतः काढलेली कच्ची रेखाटनेही गेली. रंगमंचावर कोणी कुठे उभे राहायचे, कोणाची नजर कुठे असायची, हे तपशीलवार लिहून देण्याची सवय असलेल्या नाटककाराने पानालाही रंगमंच मानले, असे ही पत्रे वाचताना मला नेहमी वाटते. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तरही माझ्या मते त्यातच आहे.

दुसऱ्या प्रश्नाबाबत थोडा काटेकोरपणा हवा. वुडकटमध्ये झाडाच्या लांबीच्या दिशेने कापलेल्या फळीवर सुरीने कोरतात. तिथे रेषा जाड, रांगडी उमटते. फार्ली यांचे काम ‘वुड एन्ग्रेव्हिंग’चे आहे. त्यात बॉक्सवुडसारख्या घट्ट लाकडाच्या आडव्या छेदावर ब्युरिन या टोकदार हत्याराने कोरले जाते. जे कोरले ते कागदावर पांढरे राहते, जे उरले ते काळे उमटते; म्हणजे कलाकार अंधारातून उजेड काढत जातो, आणि तेही सारे उलटे, आरशातल्यासारखे. या ठशाची उंची छपाईच्या अक्षरांच्या धातूच्या खिळ्यांइतकीच ठेवली, की मजकूर आणि चित्र एकाच चौकटीत आवळून एकाच दाबात छापता येते. शॉ यांना हवी असलेली एकजीवता अशा रीतीने तंत्रातूनच साधली. शेवटच्या भागातील, बागेतल्या वृद्ध व्हॉल्टेअर या फ्रेंच विचारवंताचे चित्र पाहावे : चेहऱ्याची सुरकुती न् सुरकुती केसाएवढ्या पांढऱ्या रेषांनी उजळलेली आहे.

कॉन्स्टेबल या प्रकाशनाने डिसेंबर 1932 मध्ये काढलेले हे पुस्तक हातोहात खपले. 1933 मध्ये आयर्लंडने मात्र त्यावर बंदी घातली.

पत्रे वाचायची असतील तर फार्ली यांचे 1940 सालचे आत्मचरित्र मिळवावे, कारण तिथे पत्रव्यवहार आणि कोरीवकामाची हकीकत शेजारी शेजारी येते. शॉ यांच्या कागदपत्रांचे मोठे संग्रह लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आणि टेक्सासमधील ऑस्टिनच्या हॅरी रॅन्सम सेंटरमध्ये आहेत. पुस्तक घेताना मात्र नुसत्या मजकुराची आवृत्ती घेऊ नये. चित्रांसह जुनी प्रत मिळाल्यास ती भिंगाखाली धरून पाहावी.