पेशवेकालीन पुण्यातल्या खेळासाठी पहिलं पात्र कसं बनवावं?

तुमची अडचण मला अशी समजली: डंजन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकून पात्रांची गोष्ट पुढे नेण्याचा खेळ) पहिल्यांदाच खेळताय, चौघांचा गट आहे आणि डीएमने (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा) गोष्ट १७९० च्या पुण्यात ठेवली आहे. नाना फडणविसांचा कारभार, पेठा, वाडे आणि त्यात खरीखुरी जादू. तुम्ही सहा पानं पूर्वकथा लिहिलीत, पण कॅरॅक्टर शीट (पात्राचे आकडे लिहायचा कागद) कोरीच आहे. सुरुवात गोष्टीपासून करावी की आकड्यांपासून, असं विचारलंय.

दोन्हींच्या आधी एक वाक्य लिहा: खेळायला बसल्यावर माझं पात्र दर वेळी काय करणार? "तो मनातून दुखावलेला आहे" हे उत्तर इथे चालत नाही, कारण दुखावलेपणावर फासा टाकता येत नाही. "तो सगळ्यांच्या आधी आत शिरून बघून येतो" हे चालतं. हे वाक्य ठरलं की क्लास (पात्राचा प्रकार) जवळपास आपोआप ठरतो. पुढे जाऊन बघून येणारा म्हणजे रोग (Rogue), दारात उभं राहून वार झेलणारा म्हणजे फायटर, जखमा भरणारा म्हणजे क्लेरिक. विझार्ड (मंत्र टाकणारा जादूगार) पहिल्याच खेळात घेऊ नका असं मी सुचवेन. पहिल्या लेव्हललाच वहीत सहा मंत्र असतात आणि स्लॉट (म्हणजे मंत्र किती वेळा टाकता येतील) फक्त दोन, त्यामुळे नवख्या माणसाचा निम्मा वेळ पानं उलटण्यात जातो.

उदाहरणासाठी एक जासूद घेऊ, नाव हैबती. नाव दोन-तीन अक्षरी ठेवा. संध्याकाळभरात ते शंभर वेळा हाकारलं जाणार आहे. २०२४ च्या नियमांप्रमाणे बनवू. पुस्तक विकत घ्यायची घाई नको. एसआरडी ५.२ हा मूळ नियमांचा संच २०२५ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोफत मिळतो आणि या पात्राला लागणारं सगळं त्यात आहे.

सहा गुणांसाठी १५, १४, १३, १२, १०, ८ हे ठरलेले आकडे वापरा. चार फासे टाकून सगळ्यात लहान सोडायची पद्धत मोहात पाडते. तिची सरासरी बारापेक्षा किंचित जास्त येते, म्हणजे फायदा नावालाच. पण चौघांपैकी एकाला १७ आणि दुसऱ्याला जेमतेम १३ मिळाले, तर तो फरक महिनोन्‌महिने पुरतो आणि ज्याचे फासे वाईट पडले त्याचं मन खेळातून उडतं. पॉइंट-बायने (ठरावीक पॉइंट खर्चून आकडे घ्यायची पद्धत) गेलात तरी हेच सहा आकडे बरोबर २७ पॉइंटमध्ये बसतात.

आता वाटणी, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. खेळात मूळ आकडा क्वचितच वापरला जातो, वापरला जातो तो मॉडिफायर, म्हणजे फाशात मिळवायचा आकडा. आकड्यातून १० वजा करा, निम्मं करा, अर्धा राहिला तर खाली घ्या. त्यामुळे १२ आणि १३ दोन्हींचा मॉडिफायर +१ च. विषम आकडा एकटा सोडला तर तो वाया गेला. वरून +१ मिळणार असेल तिथेच तो ठेवायचा. हैबतीला डेक्स्टेरिटी (चपळाई) १५, विस्डम (समज) १४, कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) १३, इंटेलिजन्स (बुद्धी) १२, करिज्मा (छाप) १० आणि स्ट्रेंग्थ (ताकद) ८ द्या. बॅकग्राउंड (पात्र आधी काय करत होतं) घ्या क्रिमिनल, म्हणजे गुन्हेगार. त्यातून डेक्स्टेरिटीला +२ आणि कॉन्स्टिट्यूशनला +१ घेतलं की ते १७ आणि १४ होतात, मॉडिफायर +३ आणि +२. नावावर जाऊ नका. क्रिमिनलमधून मिळतं ते लपणं, हातचलाखी आणि अलर्ट हे फीट (खास क्षमता), आणि जासुदाला हेच लागतं. डीएमला सांगून शीटवर सरळ "जासूद" लिहा, आकडे तेच ठेवा. हत्यारांचंही तसंच: डॅगरला कट्यार म्हणा, पण फासा चार बाजूंचाच राहू द्या. नाव आणि नियम एकदम बदलले की तोल कुठे गेला ते पुढे सापडत नाही.

बाकीची बेरीज अशी. हिट पॉइंट (किती नुकसान झेलता येईल) ८ + २ = १०. कातडी चिलखत घातल्यावर आर्मर क्लास (वार लागायला शत्रूने गाठायचा आकडा) ११ + ३ = १४. हल्ल्याला डेक्स्टेरिटीचे ३ आणि प्रोफिशियन्सीचे (सराव असलेल्या कामाला मिळणारी भर) २ मिळून +५. आखूड तलवारीचं नुकसान सहा बाजूंचा एक फासा + ३. लपण्यात एक्स्पर्टीज घेतली की प्रोफिशियन्सी दुप्पट, म्हणून +७. रोगच्या यादीतून पर्सेप्शन (आजूबाजूचं टिपण्याचं कौशल्य) नक्की निवडा; मग न शोधताही दिसणाऱ्या गोष्टींसाठीचा पॅसिव्ह पर्सेप्शन १० + २ + २ = १४ होतो. अलर्टमुळे इनिशिएटिव्ह (लढाईत कुणाची पाळी आधी ते ठरवणारा आकडा) +५. स्नीक अटॅकची (रोगचा जास्त नुकसान करणारा वार) अट शीटवर मोठ्या अक्षरात लिहा, कारण नवे खेळाडू ती हमखास विसरतात: हल्ल्याला ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा घ्यायची सवलत) हवा, किंवा आपला साथीदार शत्रूच्या ५ फुटांत हवा. अट जमली की आणखी एक सहा बाजूंचा फासा. वेपन मास्टरीमध्ये (हत्याराचा खास गुण वापरायची मुभा) आखूड तलवार घेतलीत तर तिचा व्हेक्स गुण मिळतो. एक वार लागला की त्याच शत्रूवरच्या पुढच्या वाराला ॲडव्हांटेज, म्हणजे ती अट तुमची तुम्हीच पुरी करता.

कॉन्स्टिट्यूशनमध्ये काटकसर करू नका. २०१४ च्या नियमांतला साधा गॉब्लिन (खेळातला छोटा राक्षस) घ्या. त्याच्या वाराचं नुकसान सहा बाजूंचा फासा + २. कॉन्स्टिट्यूशन ८ असलेल्या विझार्डचे हिट पॉइंट ५. वार लागला आणि फासा ३ किंवा वर पडला की तो आडवा, म्हणजे सहातल्या चार वेळा. तेच कॉन्स्टिट्यूशन १४ असेल तर हिट पॉइंट ८ आणि फक्त ६ पडला तरच तो कोसळतो. आठ आणि चौदा यांत एवढं अंतर आहे.

आता तुमची सहा पानं. मेहनत दिसते, पण ती अर्ध्या पानावर आणा. लांब पूर्वकथेत सगळ्यात मोठं साहस आधीच होऊन गेलेलं असतं. पहिल्या लेव्हलचा, दहा हिट पॉइंटांचा माणूस ते पेलूही शकत नाही आणि खेळात नव्याने घडायला काही उरत नाही. अर्ध्या पानात तीन गोष्टी पुरतात: एक जिवंत माणूस, एक अर्धवट काम आणि एक बारीक माहिती, जी फक्त याच पात्राला आहे.

हैबती १७९० मध्ये चौतीस वर्षांचा आहे. म्हणजे ३० ऑगस्ट १७७३ ला, गारद्यांनी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून केला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. बापही जासूद. त्या दिवशी बापाच्या हाती एक थैली पडली आणि ती कधीच पोचली नाही. आज ती हैबतीकडे आहे. जिला द्यायची ती बाई कसब्यात राहते, जिवंत आहे. आणि त्याला ठाऊक असलेली बारीक गोष्ट म्हणजे नानासाहेब पेशव्यांनी बांधलेल्या कात्रजच्या नळाचे उच्छ्वास (हवा खेळण्यासाठीची तोंडं) शहरात कुठे कुठे आहेत. जमिनीखालून वाड्यांकडे जाणारी वाट एका पात्राच्या डोक्यात असणं म्हणजे डीएमला आयतं भुयार मिळालं.

थैलीतल्या पत्रात काय आहे ते मात्र तुम्ही लिहू नका. ती जागा डीएमसाठी मोकळी ठेवा. मोडीतला कागद आहे, लाखेची मोहर शाबूत आहे, एवढंच सांगा. तसंच गोष्ट १७९० मध्ये आहे हेही लक्षात घ्या. पुढच्याच वर्षी कोतवाल घाशीरामला लोकांनी दगडांनी ठेचून मारलं. डीएमने इतिहास तसाच ठेवला असेल तर कोतवालाशी तुमचं वैर आहे की मिंधेपण, हे आत्ता ठरवलेलं फार कामाला येईल.

एक पात्र मात्र टाळाच: कुणावर विश्वास न ठेवणारा, अंधाऱ्या कोपऱ्यात एकटा बसणारा. कथेत तो शोभतो. खेळात बाकीचे तिघे त्याला सोबत चला म्हणून विनवत बसतात आणि पहिला तास तिथेच जातो. म्हणून पात्र घरी एकट्याने पुरं करू नका. पहिल्या खेळाआधी चौघे दीड-दोन तास एकत्र बसा आणि डावीकडच्या खेळाडूला दोन प्रश्न विचारा: माझ्या पात्राने तुझ्या पात्राचं काय वाचवलंय? आणि माझं कुठलं गुपित तुला माहीत आहे? थैलीची गोष्ट क्लेरिकला माहीत असू द्या. सगळ्यांपासून लपवलेलं गुपित खेळात कधी उघडतच नाही, एकाला ठाऊक असलं की तोच कधीतरी नेमक्या वेळी विषय काढतो.

शीट पेन्सिलने भरा, निदान हिट पॉइंटांचा रकाना तरी. आणि पहिल्या दोन-तीन खेळांनंतर एखादं स्किल किंवा फीट चुकलंय असं वाटलं तर डीएमला विचारून बदला. बहुतेक डीएम एवढी मोकळीक देतात.