कळलावीला उन्हाळ्यात पाणी घालू नका

पावसाळ्यात डोंगरउतारांवर, कुंपणांवर दिसणारी कळलावी, म्हणजेच अग्निशिखा किंवा कोकणातले ‘गौरीचे हात’, घरी लावणाऱ्यांचे हे निवडक प्रश्न.

प्रश्न: दिवाळीनंतर कुंडीतली कळलावी पूर्ण वाळली. रोज पाणी देतोय, तरी पालवी नाही. मेली का? (पुणे)

वेल वाळली, ती वाळायचीच होती. ही वनस्पती बहुवर्षायू आहे ती जमिनीखालच्या कंदामुळे. कोरडे महिने ती झोपून काढते. त्या झोपेत घातलेलं पाणीच तिला मारतं, कारण पानं नसताना कंद पाणी ओढत नाही आणि ओल्या मातीत बुरशीने कुजतो. हलक्या हाताने माती उकरून कंद दाबून बघा. कडक आणि आतून पांढरा असेल तर ठीक. मऊ, तपकिरी झाला असेल तर मातीसकट फेका. पानं पिवळी पडू लागली की पाणी कमी करायचं, वेल सुकली की बंद. मग मेअखेरपर्यंत कुंडी बागेची नळी पोहोचणार नाही अशा कोपऱ्यात ठेवायची. कंद काढून ठेवायचे असतील तर कोरड्या वाळूत, कागदी खोक्यात. प्लास्टिकच्या पिशवीत नको, घाम धरतो.

प्रश्न: कंदाचे चार तुकडे करून लावले. जून संपला, एकच उगवला. (नाशिक)

बटाट्याचा नियम इथे लागू नाही. कळलावीचा कंद नांगराच्या फाळासारखा, दोन हातांचा असतो (संस्कृतात म्हणूनच ‘लांगली’) आणि डोळा फक्त हाताच्या अगदी टोकाला असतो. दोन्ही हात बेचक्यात वेगळे करता येतात, पण मधला तुकडा कधीच फुटत नाही. टोक ठिसूळ असतं; विकत घेताना पहिल्यांदा तेच तपासा. साधारण 50 ग्रॅमचा कंद पहिल्याच वर्षी फुलतो, करंगळीएवढा असेल तर नुसती पानं येतात. 12 इंची खोल कुंडीत दोन भाग माती, एक भाग भरड वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत घ्या आणि कंद आडवा, 5 ते 7 सेंटिमीटर खोल ठेवा. उरलेल्या टोकांची वाट बघायची तर जुलैच्या मध्यापर्यंत बघा, पण रोज उकरून नको. कोंब कंदाइतकाच ठिसूळ असतो.

प्रश्न: गौरींसाठी फुलं हवीत. कधी लावू? (चिपळूण)

मेच्या शेवटच्या आठवड्यात, पहिल्या पावसाआधी. कोंब आल्यापासून फुलाला साधारण दोन महिने लागतात आणि मग एकामागून एक फुलं येत राहतात. कळी खाली मान घालून असते, मग हिरवट पाकळ्या मागे वळतात, पिवळ्या होतात, शेवटी लालभडक. पावसाने ओढ दिली तर माती दोन पेरं सुकल्यावर पाणी द्या.

प्रश्न: जाड बांबू लावला, तरी वेल खाली पडते. (ठाणे)

बांबू तिच्या मुठीत मावत नाही. तिचा तणावा म्हणजे पानाचंच लांबलेलं टोक, ते पेन्सिलीहून बारीक आधाराला वेढा घालतं. तुरकाट्या उत्तम, नाहीतर सुतळीची जाळी. आधार कंद लावतानाच रोवा. नंतर काठी खुपसली की ती नेमकी कंदात जाते.

प्रश्न: काळ्या, पांढऱ्या-लाल ठिपक्यांच्या अळ्यांनी दोन दिवसांत पानं संपवली. (सातारा)

लिली पतंगाच्या अळ्या. चिमट्याने वेचून साबणाच्या पाण्यात टाका, पानांच्या पाठी तपासा. कुंड्या दोन-चारच असतील तर फवारणी कशाला?

प्रश्न: घरात भांडणं लागतात म्हणून सासूबाई ही वेल लावू देत नाहीत. (कोल्हापूर)

भांडणांची जबाबदारी वेलीवर टाकू नका. पण घरात रांगतं मूल किंवा कुत्रा असेल तर सासूबाईंचंच ऐका. सगळी वेल विषारी आहे, कंद आणि बिया सर्वांत जास्त. त्यातलं कोल्चिसिन संधिवाताच्या औषधात अगदी अल्प मात्रेत वापरतात. कंद चुकून रताळ्यासारखा खाल्ला तर जीव जाऊ शकतो. उलट्या-जुलाब सुरू व्हायला काही तास लागतात, म्हणून त्रास दिसायची वाट न बघता लगेच रुग्णालयात न्या, वेलीचा तुकडा बरोबर घ्या. कंद हाताळताना हातमोजे घाला आणि काढलेले कंद स्वयंपाकघरात ठेवू नका.

प्रश्न: ट्रेकला गेल्यावर कंद खणून आणले तर? (मुंबई)

नको. खणलेल्या प्रत्येक कंदामागे डोंगरावरची एक वेल कमी होते, आणि टोक मोडलं तर तुमच्याही हाती काही लागत नाही. लागवडीचे कंद मिळतात, ते घ्या. धीर असेल तर बी पेरा: लालसर आवरण काढून, एक दिवस भिजवून, एक सेंटिमीटर खोल. उगवायला आठवडे, कधी महिने जातात, आणि फूल तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात.