पोटमाळा आधी, भिंती नंतर, खिडक्या शेवटी

प्रश्न : आमचं घर जुनं, जाड विटांच्या भिंतींचं आणि उतरत्या छताचं आहे. हिवाळ्यात हीटर दिवसभर चालू असतो, तरी खोल्या गारच राहतात. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, थंडीत त्या अंथरुणातून बाहेर यायला तयार नसतात. छत, फटी, भिंती आणि खिडक्या अशा पूर्ण इन्सुलेशनचं, म्हणजे घरातली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून करायच्या कामाचं, अंदाजपत्रक आम्ही मागवलं. दहा वर्षांत पैसे वसूल होतील, असं कंत्राटदार म्हणतो. यजमानांचं म्हणणं, ११ टक्क्यांचं कर्ज मिळतंय, एकदाच सगळं उरकून टाकू. मला कर्ज नको वाटतं, पण त्यासाठी ठेव मोडावी लागेल. तिची मुदत आठ महिन्यांनी संपते. अजून १५ वर्षं तरी आम्ही इथे राहू. उत्तरेकडच्या भिंतीला ओल आहे, हेही सांगून ठेवते. काय करावं?

उत्तर : ताई, ओलीचं तुम्ही अगदी शेवटी, सहज लिहावं तसं लिहिलंय. माझ्या उत्तराचा निम्मा भाग त्याच वाक्यावर उभा आहे. पण आधी हिशेब बघू.

तुम्ही रकमा कळवल्यात, त्या इथे छापत नाही. तुमचं वर्षाचं हीटिंगचं बिल १०० धरतो आणि बाकीचे आकडे त्याच मापात मांडतो. पूर्ण कामाचा खर्च येतो ६०० आणि कंत्राटदाराच्या मते वर्षाला वाचतात ६०. म्हणून दहा वर्षं. यजमानांनी यावरून ‘म्हणजे दरसाल १० टक्के परतावा’ असं लिहिलंय, तिथे गल्लत झाली आहे. ठेवीत व्याज मिळतं आणि शेवटी मुद्दलही हातात येतं. भिंतीत घातलेलं मुद्दल मात्र परत मिळत नाही, दरवर्षीच्या बचतीतूनच ते थोडंथोडं वसूल होत असतं. दहाव्या वर्षी घर सोडलंत आणि घेणाऱ्याने इन्सुलेशनसाठी वेगळे पैसे दिले नाहीत, तर तुमचा परतावा शून्य. १५ वर्षं राहिलात तर दरसाल साधारण साडेपाच टक्के, २० वर्षं राहिलात तर पावणेआठ आणि ३० वर्षांनी सव्वानऊ. ‘दहा वर्षांत वसूल’ हे वाक्य तेच, पण तुम्ही किती वर्षं राहणार यावर त्याचा अर्थ बदलतो.

कर्जाचं गणित तर एका ओळीत संपतं. ६०० वर ११ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचं व्याजच ६६ होतं आणि बचत आहे ६०. म्हणजे मुद्दल फेडायचं राहो, व्याजही सुटत नाही. यजमानांची तळमळ मला समजते. आई थंडीने आखडून बसलेली बघवत नाही, म्हणून माणूस ‘होऊ दे एकदाच’ म्हणतो. पण या कामासाठी एवढं कर्ज काढू नका.

तरीही काम करूच नका, असं मी म्हणणार नाही. अंदाजपत्रकाचं दुसरं पान काढून बघा. तिथे कंत्राटदाराने प्रत्येक कामाची फोड दिली आहे, आणि खरी गोष्ट तिथेच आहे. पोटमाळ्यावर इन्सुलेशनचा थर घालायचा खर्च ८०, बचत २४. फटी बुजवण्याचा खर्च २०, बचत ७. भिंतींना आतून इन्सुलेशन करायला २६०, बचत २२. नव्या दुहेरी काचांच्या खिडक्यांना २४०, बचत अवघी ७. पहिली दोन कामं मिळून १०० खर्च आणि ३१ बचत, म्हणजे सव्वातीन वर्षांत वसुली. उरलेले ५०० मात्र वर्षाला फक्त २९ वाचवतात. त्यांना १७ वर्षं लागतील, आणि तुम्ही राहणार १५. चांगलं काम आणि महागडं काम एकाच गाठोड्यात बांधलं की सरासरी बरी दिसते, एवढंच इथे झालंय. कंत्राटदाराने फोड दिली याबद्दल त्याला श्रेय द्यायला हवं, पुष्कळ जण देत नाहीत.

पोटमाळा इतका स्वस्तात का पडतो? तिथे गिलावा फोडायचा नसतो की रंग काढायचा नसतो. मिनरल वूल, म्हणजे दगड किंवा काच वितळवून काढलेल्या तंतूंची लोकर, अंथरली की काम झालं. त्या लोकरीत स्वतःची ऊब काही नसते, तिच्या तंतूंत अडकून स्थिर राहिलेली हवा उष्णता अडवते. म्हणूनच ती दाबून बसवली किंवा भिजली तर पैसे वाया जातात. उघड्या छतातून जाणारी उष्णता पहिल्या १०० मिलिमीटर थराने साधारण ८५ टक्के थांबते. दुसऱ्या १०० मिलिमीटरने मूळ गळतीच्या आणखी सुमारे ७ टक्के, तिसऱ्याने दोन-अडीच. मजुरी एकदाच द्यायची असल्याने २०० मिलिमीटर एकाच वेळी घालून घ्या. अंदाजपत्रकात ३०० लिहिलंय, पण त्या शेवटच्या थराचा आग्रह मी धरणार नाही.

फटींचं काम मात्र लोकर अंथरण्याआधी झालं पाहिजे. गरम हवा वर चढते, पोटमाळ्याच्या झाकणाभोवतालच्या आणि वायरी-पाइपांच्या भोकांतून निसटते, आणि तेवढीच थंड हवा खालच्या दारांच्या फटींतून आत ओढली जाते. सासूबाईंच्या पायांना गार वारा लागतो म्हणता, त्याचं मूळ बहुधा वर माळ्यावर आहे. वरची भोकं सीलंटने बंद करा, झाकणाला रबरी पट्टी लावा. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. घरात गॅसवर, रॉकेलवर किंवा लाकडावर चालणारा हीटर असेल तर त्याचा धूर बाहेर नीट जातो का आणि त्याला लागणारी हवा मिळते का, हे फटी बुजवण्याआधी जाणकाराकडून तपासून घ्या आणि कार्बन मोनॉक्साइड या वास नसलेल्या विषारी वायूचा अलार्म बसवा. स्वयंपाकघर आणि न्हाणीघरातले बाहेर हवा टाकणारे पंखे बंद करायचे नाहीत. माळ्यावरच्या जुन्या वायरीही इलेक्ट्रिशियनला दाखवा, लोकरीखाली गाडली गेलेली वायर तापते. या तपासण्यांसाठी थोडे पैसे बाजूला ठेवा, अंदाजपत्रकात ते धरलेले नाहीत.

आता ती ओल. २० अंशांच्या खोलीत आर्द्रता ५० टक्के असली तर साधारण ९ अंशांच्या पृष्ठभागावर त्या हवेतलं पाणी सुटायला लागतं. आज तुमची भिंत खोलीच्या उबेने थोडी तरी तापते. आतून इन्सुलेशन लावलं की खोली उबदार होईल, पण त्यामागची मूळ भिंत आजच्यापेक्षा थंड पडेल. खोलीतली दमट हवा कुठल्या सांध्यातून तिथवर पोचली, तर पाणी नेमकं दिसणार नाही अशा जागी साचेल. त्यात भिंतीला आधीच ओल असेल तर पोपडे आणि बुरशी झाकली जातील आणि दोन-तीन वर्षांनी सगळं उचकटून पुन्हा खर्च. छताची पन्हळ तुंबली आहे का, भिंतीच्या पायाशी पाणी मुरतंय का, एखादा पाइप गळतोय का, हे आधी शोधा. कारण सापडून दुरुस्ती झाल्यावर भिंतीला सुकायला एक पूर्ण उन्हाळा द्या. एवढ्यासाठीसुद्धा भिंतींचं काम या वर्षी नको.

पैशाच्या बाजूनेही थांबणं सोयीचं आहे. २६० खर्चून वर्षाला २२, हे १५ वर्षांत दरसाल जेमतेम तीन टक्के पडतं. पण ओलीमुळे आतला गिलावा आणि रंग कधीतरी करावाच लागणार. तेव्हा इन्सुलेशन सोबत केलंत तर गिलाव्या-रंगाचा खर्च तसाही होणार होता, इन्सुलेशनच्या नावावर फक्त वरचा खर्च पडेल. तो १५० च्या आसपास आला तर सात वर्षांत वसूल होतो, आणि मग मी ‘करा’ म्हणेन.

खिडक्यांबद्दल यजमानांचा उत्साह दिसतोय, पण १५ वर्षांत त्यातून १०५ परत येतील आणि घालायचे आहेत २४०. चौकटी कुजलेल्या नाहीत, असं तुम्हीच लिहिलंय. चौकटींच्या कडांना पट्ट्या आणि जाड पडदे, एवढ्यावर सध्या भागवा. चौकटी बदलायची वेळ आली की दुहेरी काचा घ्या.

एक सावधगिरी मी नेहमी ठेवतो. थंड घरातली बचत कागदावर दिसते तेवढी हातात पडत नाही. आज तुम्ही दोनच खोल्या तापवता. घर ऊब धरायला लागलं की तिसरीही तापवाल, आणि तापवावीच. म्हणून ३१ ऐवजी २० च बचत धरा. तरी १०० वर १५ वर्षांत दरसाल १८ टक्क्यांच्या आसपास पडतं. शिवाय बिलात वाचलेल्या पैशावर कर लागत नाही, ठेवीच्या व्याजावर तो बहुधा लागतो.

आणि तिसऱ्या खोलीची ऊब म्हणजे बुडालेली बचत नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली थंडीच्या दिवसांत घरात किमान १८ अंश तापमान असावं, असं सुचवलं आणि वृद्धांसाठी त्याहून जास्त लागू शकतं, असंही म्हटलं. न्यूझीलंडमध्ये १,३५० घरांवर झालेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. इन्सुलेशननंतर झोपण्याच्या खोल्यांचं तापमान सरासरी अर्ध्या अंशानेच वाढलं होतं, तरी छातीतली घरघर कमी झाली, मुलांची शाळा आणि मोठ्यांचं काम कमी बुडलं, आणि ऊर्जेचा वापरही सुमारे एक पंचमांश घटला. माझ्या तक्त्यात सासूबाईंच्या आरोग्याला रकाना नाही, पण निर्णयात तो पहिला ठेवा.

तेव्हा असं करा. फटी आणि पोटमाळ्याचे १०० बचत खात्यातून द्या. तुम्ही कळवलेल्या शिलकीतून एवढे काढूनही सहा महिन्यांचा घरखर्च मागे उरतो, म्हणून हे सुचवतोय. तो उरत नसता तर आधी फक्त फटींचे २० खर्चायला सांगितलं असतं. ठेव मोडू नका. ओलीची दुरुस्ती लगेच सुरू करा. नवा हीटर घ्यायचा विचार असेल तर तो माळ्याचं काम झाल्यावर. घराची गरज कमी झाली की लहान हीटरने भागतं आणि तिथेही पैसे वाचतात.

आजपासून एका वहीत दर आठवड्याला मीटरचा आकडा आणि रोज बाहेरचं सरासरी तापमान लिहायला लागा. नुसती बिलं ताडून पाहिलीत तर एखादा सौम्य हिवाळा फसवेल. म्हणून बाहेरचं तापमान १८ अंशांपेक्षा जितकं खाली असेल, ते अंश रोजचे रोज मोजून बेरीज करा आणि प्रत्येक अंशामागे किती युनिट लागली ते बघा. ठेवीची मुदत संपेल तेव्हा ती वही आणि भिंत सुकली की नाही, एवढं मला कळवा. भिंतींचं काय करायचं, ते त्यावरून ठरवू.