वहीचे दोन भाग करू नकोस

पाचव्या शतकाच्या आसपासच्या चीनमधले बौद्ध आणि ताओ हे दोन धर्म अभ्यासताना सुरुवातीलाच वहीत एका बाजूला बौद्ध आणि दुसऱ्या बाजूला ताओ अशी रेघ मारू नकोस. त्या काळातली साधी चिनी माणसं तशी विभागलेली नव्हतीच. शेन्शी प्रांतात उत्तर वेई या राजघराण्याच्या काळातल्या काही शिळांवर बुद्ध आणि ताओ परंपरेचा आद्य गुरू लाओत्झू एकाच दगडावर कोरलेले आहेत, सोबत वर्गणी देणाऱ्यांची नावं. त्या नावांपाशी जरूर थांब. माझ्या मते खरा इतिहास तिथेच आहे.

मग एकच शब्द धर, 'वू-वेई', म्हणजे मुद्दाम काही न करणं. ताओ परंपरेतला हा शब्द बौद्ध ग्रंथांच्या सुरुवातीच्या अनुवादकांनी 'निर्वाणा'साठी वापरला. ४०१ मध्ये कुमारजीव हा बौद्ध भिक्षू आणि अनुवादक चांगआन या राजधानीत आला आणि भाषांतरं पुष्कळ नेमकी झाली. पण देवघेव एकतर्फी नव्हती बरं का! ४०० च्या सुमाराच्या लिंगपाओ या ताओ ग्रंथांत पुनर्जन्म, कर्मफळ, सगळ्या जिवांचा उद्धार हे बौद्धांकडून घेतलेलं स्पष्ट दिसतं.

भांडणंही वाच. लाओत्झूच पश्चिमेला जाऊन बुद्ध झाला, असं सांगणारा ग्रंथ ताओपंथीयांनी रचला. ४४६ मध्ये उत्तर वेईच्या सम्राटाने बौद्धांचा छळ मांडला. मात्र नुसत्या राजाज्ञा वाचून गावाचा अंदाज बांधू नकोस. अशा वेळी त्या शिळांवरची नावं पुन्हा काढून बघ.