सरकार नसतं तर?

प्रश्न : भाऊ, सरकार नसतं तर काय बिघडलं असतं? टॅक्स तरी वाचला असता.
- एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : मे महिन्यात गल्लीत टँकर आला की पाहा ना, पाइपासाठी ओढाताण, ज्याचा आवाज मोठा त्याचा ड्रम आधी भरतो अन् भांडण झालं तर निवाडा करणारं कोणी नाही. इंग्लंडमधल्या यादवीच्या काळात हॉब्ज नावाच्या इंग्रज विचारवंतानं हेच मांडलं (१६५१), धाक नसला की सगळे सगळ्यांशी लढतात, म्हणून सगळी सत्ता एका हाती द्या. मला मात्र त्याच्यानंतरचा इंग्रज विचारवंत लॉक जास्त पटतो. तो म्हणतो जीव, स्वातंत्र्य, मालमत्ता हे हक्क आपले आधीपासूनचेच, फक्त स्वतःच्या भांडणात स्वतःच जज नको म्हणून लोकांनी संमतीनं सरकार नेमलं, अन् त्यानं विश्वासघात केला तर लोक ते बदलू शकतात. टॅक्ससुद्धा बहुमताच्या संमतीशिवाय नाही!