आधी आत्याची तपासणी

प्रिय बेटा,

परवा फोनवर तू एका दमात विचारलंस, "मावशी, आत्याला स्तनाचा कॅन्सर निघाला म्हणजे मलाही होणार का? ती जेनेटिक टेस्ट करून टाकू का?" मी बसमध्ये होते, नीट बोलता आलं नाही. म्हणून लिहायला बसले.

तू आत्ता करू नकोस. आधी आत्याची होऊ दे. ज्या बाईला आजार झाला आहे, तिच्यापासून ही तपासणी सुरू करायची असते. तिच्या जनुकात दोष सापडला तर तुझ्यात नेमका तेवढाच शोधता येतो आणि हो की नाही ते स्वच्छ कळतं. तिची न करता तुझीच केली आणि काही सापडलं नाही, तर त्यावरून काय समजायचं? आत्याच्या आजाराचं कारण कदाचित त्या तपासणीत दिसणारंच नसेल. तू मात्र सुटले म्हणून निर्धास्त राहशील. मला भीती आहे ती त्याची. शिवाय निकाल आत्याच्या उपचारांनाही उपयोगी पडतो, दुसऱ्या स्तनाचं काय करायचं, ओव्हरीचं काय, कोणतं औषध लागू पडेल. तेव्हा तिच्या डॉक्टरांना लवकरच विचारा.

आणि तू हळूच म्हणालीस ना, "पण आत्या तर बाबांकडची"? मीही तसंच समजत होते, की बाबांकडचं यात धरायचं नसतं.

२०१३ ची नरकचतुर्दशी. पहाटे उटणं लावताना डाव्या काखेजवळ हाताला काहीतरी टणक लागलं. वाटाण्याएवढं. दुखत नव्हतं म्हणून मी दिवाळी होऊ दिली. (दुखत नाही म्हणून कधीच गप्प बसायचं नाही, बेटा.) नंतर ज्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी विचारलं, "आईला, मावशीला, आजीला कुणाला होता?" मी नाही म्हटलं. माझं वय ३९. पाळीच्या आधी अशा गाठी होतात म्हणून त्यांनी गोळ्या दिल्या. सोनोग्राफी नाही, मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) नाही. होळीपर्यंत गाठ आवळ्याएवढी झाली. ऑपरेशन, केमो, रेडिएशन, सगळं झालं. ते समोर बसून सांगेन.

आत्यांबद्दल कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते? माझ्या थोरल्या आत्याबद्दल आमच्या नागपूरच्या, इतवारीतल्या घरात एकच वाक्य होतं, "पोटात पानी झालं होतं तिले." ते पाणी ओव्हरीच्या कॅन्सरचं होतं, हे तिच्या मुलानं जपलेल्या जुन्या कागदांवरून आम्हाला इतक्या वर्षांनी कळलं.

घराण्यातून येणाऱ्या आजारांबद्दल सल्ला देणाऱ्या जेनेटिक कौन्सेलरनं मला घराण्याचा तक्ता काढून आणायला सांगितला. दोन्ही बाजू, तीन पिढ्या, कुणाला काय झालं आणि कितव्या वर्षी. मी एका लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तो काढला, बायकांना गोल, पुरुषांना चौकोन. त्या थोरल्या आत्याच्या गोलापुढे ती गेली तेव्हाचं वय लिहायचं होतं आणि ते कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हाताऱ्या काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मारबतीच्या दिवशी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गेली. मिरवणुकीत गाडी अडकली होती. पोरगा चौथीत होता तिचा." त्या पोराच्या वयावरून मागे मोजत गेलो, तर आत्या ४१ ची निघाली.

माझ्या रिपोर्टात बीआरसीए-१ चा दोष आला. हे जनुक १९९४ मध्ये सापडलं, बीआरसीए-२ पुढच्याच वर्षी. दोन्ही आपल्या सगळ्यांच्यात असतात, पेशीतल्या डीएनएची मोडतोड दुरुस्त करतात. त्यात बिघाड असेल तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका आयुष्यभरात निम्म्याहून जास्त होऊ शकतो, ओव्हरीच्या कॅन्सरचाही वाढतो. आई असो की वडील, प्रत्येक मुलाकडे आणि मुलीकडे तो जाण्याची शक्यता निम्मी. माझे बाबा ८० वर्षं ठणठणीत जगले. माझ्याकडे तो त्यांच्याकडूनच आला. (मी तुझी मानलेली मावशी, रक्ताची नाही, म्हणून माझा दोष तुझ्याकडे येण्याचा प्रश्न नाही.)

तुझ्यात सापडला तरी लगेच ऑपरेशन नसतं. तुझ्या वयाला दर वर्षी एमआरआय, तिशीपासून मॅमोग्राफीही. कधी कधी रिपोर्टात "अर्थ अनिश्चित" असा बदल येतो. त्याच्या भरवशावर कुठलाही मोठा निर्णय घेऊ नकोस.

माझ्या भावानं तपासणीला साफ नकार दिला. "पोरीचं लग्न जमायचंय," म्हणाला. मी खूप भांडले, वर्षभर आमचं बोलणं बंद होतं. आता वाटतं, भांडायला नको होतं. शेवटी रिपोर्टाची झेरॉक्स वहिनीच्या हातात दिली आणि तिनंच लेकीला नेलं. भाचीचा निकाल काय आला ते मी तुला सांगणार नाही, तो तिचा आहे. तुझे बाबा गप्प झाले तर त्यांच्यावर चिडू नकोस. आपण लेकीला काय देऊन बसलो, या विचारानं बाप खचतो.

शंभरातल्या पाच-दहा जणींचाच कॅन्सर असा घराण्यातून आलेला असतो. बाकीच्यांसाठी वेळेवर तपासून घेणं हाच मार्ग. मुंबईत टाटा मेमोरियलनं वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांवर २० वर्षं अभ्यास केला. निम्म्या जणींची स्तनतपासणी शिकवून तयार केलेल्या सेविकांनी नुसत्या हातानं, दर दोन वर्षांनी केली. २०२१ मध्ये निकाल आला. पन्नाशीपुढच्या बायकांत या आजारानं होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले होते. म्हणून मी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण देता देता प्रत्येकीला विचारते, "शेवटचं कधी दाखवलंस?" आपल्या नागपुरात मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, जामठ्याची कॅन्सर संस्था आहे. लांब जावं लागत नाही. पाय निघत नाही, एवढंच.

रविवारी आत्याकडे जाशील तेव्हा तिच्या बायॉप्सीच्या कागदाचा फोटो काढून घे. आजीजवळ बस आणि तिच्या बहिणींचं विचार, आजोबांच्याही. वय आठवत नसेल तर कोणता सण होता ते विचार.

तुझी,
मावशी