आधी पाटी वाच

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा मुचंडीहून तुझा फोन आला तेव्हा तुझा रडवेला आवाज ऐकून जीव कळवळला. जायचं मच्छेला, विद्यापीठात, आणि पोचलीस पार उलट दिशेला. "काका, हे बेळगाव मला कळतच नाही," म्हणालीस. गाव न कळायला काय झालं? तू कोल्हापूरची, इथल्या गल्ल्यांत पावलोपावली मराठी बोलतात. तुला बसवरची कन्नड पाटी कळली नाही, एवढंच. कुणीतरी 'म'ने सुरू होणारं काहीतरी ओरडलं आणि तू चढलीस.

रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरव, बसमध्ये तिकीट काढ (फुकट प्रवास कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना, तुझं आधार कार्ड कोल्हापूरचं), हे तुला कुणीही सांगेल. मी पाटीचंच सांगणार. पाटी वाचायला शीक.

कन्नड मुळाक्षरं आपल्याच क्रमाने चालतात, क ख ग घ. आपला ळसुद्धा आहे. अनुस्वार मात्र डोक्यावर टिंब होऊन बसत नाही, अक्षराच्या पुढे शून्यासारखा गोल होऊन येतो. मुचंडीत तो गोल आहे, मच्छेत नाही. एवढं ठाऊक असतं तर तुझी सकाळ वाचली असती गं! वही घेऊन रेल्वे स्टेशनवर जा. फलाटावर गावाचं नाव तीन लिप्यांत लिहिलंय. कन्नडातलं उतरवून घे: बे, ळ, गा, वि. मग खडेबाजार, गणपत गल्ली हिंड आणि जिथे दुकानावर कन्नड नि मराठी दोन्ही आहे तिथे थांबून अक्षराला अक्षर लाव. लोक बघतील. बघू देत.

मोबाइलमध्ये नकाशा आहे, हे मला सांगू नकोस. परवाही होता.

१९८६च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात मी होतो. १ जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकापुढे अजून जातो. त्याची मला खंत नाही, कुणी काही म्हणो. आमचं भांडण सक्तीशी होतं. पण तरुण रक्त, मी अक्षरांशीही अबोला धरला. पुढे एकदा आईला धारवाडला डॉक्टरांकडे न्यायचं होतं. बस समोर उभी, पाटी डोळ्यांपुढे, आणि मी ताठ मानेने तसाच. वाचता येत नव्हतं आणि कुणाला विचारलंही नाही. बस गेली. आई पिशवीवर बसून राहिली, पदराचा बोळा तोंडाशी धरून खोकत. दीड तासाने दुसरी बस लागली, तेव्हा तिनेच शेजारच्या फुलवालीला विचारलं, "धारवाडक्क होगतैतेन्री?" शाळेचं तोंड न पाहिलेल्या माझ्या आईने! त्या दीड तासाने तिचं दुखणं वाढलं असं डॉक्टर म्हणाले नाहीत. पण तो बोळा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

चाळिशीनंतर मी अक्षरं गिरवली. वाकला, म्हणाले लोक. काय वाकलो? माझ्या दारावरची पाटी मराठीत आहे, नातवंडं मराठी शाळेत जातात, आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या सीमाप्रश्नाच्या दाव्याची तारीख लागली की मी आजही पेपरची वाट बघतो. पाटी वाचल्याने यातलं काय कमी झालं? आईसाठी जे केलं नाही ते उशिरा केलं, इतकंच. तू उशीर करू नकोस, पोरी. तुझ्या हाताशी अजून पाच दिवस आहेत. रोज दहा गावांची नावं लिही: अनगोळ, वडगाव, यळ्ळूर, सांबरा. मच्छे रोज लिही.

सोमवारी सकाळी नऊला सिटी बस स्टँडवर येतो. डबा तुझी काकू देणार आहे. पण बस मी दाखवणार नाही, पाटी तू वाचायचीस. चुकलीस तर चुकलीस, तू चढशील त्या बसमध्ये मीही चढेन.

तुझा,
काका